ज्या आवाजाला चेहरा नाही

धाकटी बरी झाली ती एका सुईने आणि एका वाक्याने. सुई महिन्यातून एकदा दंडात टोचली जायची. वाक्य मात्र रोजचं होतं, आणि ते दवाखान्यातल्या सिस्टरने दिलं होतं. ज्या आवाजाला चेहरा नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही.

सिस्टर बोलायला फटकळ होती. तुला ऐकू येतं ते खरं नाही, मनाचे खेळ आहेत, असं ती धाकटीला कधी समजावत बसली नाही. ऐकू येतं म्हणतेस ना, येत असेल, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. ते बोलतात तर बोलू देत, त्यांना दुसरा काय उद्योग आहे. तू फक्त आधी बघायचं, बोलणाऱ्याला तोंड आहे का, ओठ हलतायत का. असेल तर खुशाल बोल. नसेल तर आपलं काम करत राहा. धाकटीला हे पटलं. तोवर सगळे तिच्याशी वाद घालत आले होते, आणि वादात आवाज नेहमी जिंकायचे. सिस्टरने वादच ठेवला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. धाकटी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शर्ट आणायची आणि हाताने काजं करून द्यायची. शिंपी म्हणायचा की हिच्या काजातून बटण जाताना आवाजसुद्धा होत नाही. काम करताना रेडिओ लावायची. रेडिओला सिस्टरची परवानगी होती, कारण त्याला उत्तर द्यावं लागत नाही. अधूनमधून धाकटी सुई धरलेला हात थांबवून भिंतीकडे बघायची, तोंड दिसत नाही याची खात्री करून घ्यायची आणि पुन्हा टाके घालायला लागायची. थोरल्या बहिणीला हे इतकं सवयीचं झालं होतं की तिच्या लक्षातही येत नसे.

थोरली मोठ्या इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत होती. ओल्या चादरी गरम रुळांमधून काढायच्या, पलीकडून घडी घालायची. तिने संसार मांडला नाही. विचारणारे होते, पण दोघींना एकदम घरी नेणारं कुणी नव्हतं. सकाळी कामावर जाण्याआधी जरा वेळ डोळे मिटून देवापुढे बसायचं हा तिचा नेम. त्या वेळी ती काही मागत नसे. आहे ते असू दे, एवढंच म्हणायची.

मग साथ आली.

पालिकेने दवाखान्याची इमारत तापाच्या रुग्णांसाठी घेतली. मनाच्या रुग्णांचं काय, तर त्यांचं थांबू शकतं असं ठरलं. सुई बंद, तिच्याऐवजी गोळ्या घरपोच. त्याआधी डॉक्टर फोनवर बोलणार, आणि पेशंटने स्वतः बोलायचं. नातेवाइकाचं बोलणं धरायचं नाही, कारण नातेवाईक काहीही सांगतात. दोनदा फोन करून पेशंट बोलला नाही, तर त्याला सध्या गरज नाही असं समजून पुढच्याकडे वळायचं. नियम काही वाईट मनाने केलेला नव्हता. तो करणाऱ्यांच्या घरात प्रत्येकाला वेगळी खोली आणि वेगळा फोन असावा, इतकंच.

पहिला फोन आला तेव्हा थोरली अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी बसली होती. फोन तिचाच, बटणांचा, कानाला लावायचा. नवे डॉक्टर होते. आवाज तरुण आणि दमलेला. थोरलीने फोन धाकटीपुढे धरला. धाकटीने फोनकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं, आणि शांतपणे काजाकडे वळली. पलीकडून डॉक्टर हॅलो हॅलो म्हणत राहिले. ती तसूभर हलली नाही. थोरलीने फोन कानाला लावून ती जरा लाजाळू आहे असं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा करतो, तेव्हा मात्र त्यांना बोलायला लावा, नाहीतर गोळ्या पाठवणं माझ्या हातात राहत नाही.

औषध थांबलं की काय होतं हे थोरलीने एकदा पाहिलं होतं. तेव्हा धाकटीला मोठ्या शहरातल्या बंद वॉर्डात ठेवावं लागलं होतं, आणि तिथून जी परत आली तिला स्वतःच्या हाताने जेवायला पुन्हा शिकवावं लागलं.

पुढचा आठवडाभर थोरली तिच्या मागे लागली. कामावरून आली की हेच. फोनवरचे डॉक्टर खरे आहेत, त्यांना तोंड आहे, फक्त इथून दिसत नाही. धाकटी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, दिसत नाही म्हणजेच नाही. लहान मुलाला समजवावं तसं थोरलीने समजावलं, रागावून पाहिलं, एक दिवस अबोला धरला. शेवटी फोन यायच्या सकाळी तिने धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले.

"या एका आवाजाला उत्तर दे," ती म्हणाली. "माझ्यासाठी. मी सांगतेय ना."

आणि धाकटीने दिलं. फोन दोन बोटांत, गरम भांडं धरावं तसा धरून ती म्हणाली, हो. झोप लागते. जेवते. बरं आहे. डॉक्टर खूश झाले. गोळ्या दुसऱ्याच दिवशी आल्या. थोरलीच्या जिवात जीव आला. लॉन्ड्रीत तिने हे सगळ्यांना सांगितलं, आणि रुळाच्या पलीकडे उभे राहणारे मामा, ज्यांना सगळेच मामा म्हणत, ते म्हणाले की बघा, बायकांनी फोनवर बोलायचं म्हटलं तर तुमच्या घरात आर्जवं करावी लागतात, आमच्या घरी फोन काढून घ्यायला करावी लागतात.

त्याच आठवड्यात चादरींचे ढीग दुप्पट झाले आणि पाळी लांबली. थोरली संध्याकाळी उशिरा घरी यायला लागली. गोळी आपल्यासमोर गिळायला लावायची हा तिचा शिरस्ता मोडला. ती निघायची तेव्हा धाकटी झोपलेली असायची, म्हणून गोळी पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवून जायची आणि आल्यावर भांड्याशेजारी गोळी नाही हे पाहून समाधान मानायची. खरं तर गोळ्या जिभेखाली लपवण्यात धाकटी पटाईत होती, म्हणूनच तर सुई लागली होती. थोरलीला हे माहीत होतं. पण माणूस दमलेला असला की माहीत असलेल्या गोष्टीही बाजूला ठेवतो.

एका संध्याकाळी ती जिना चढून आली तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. कोण आलं असेल म्हणून तिने दार ढकललं. धाकटी भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, अगदी अदबीने बसली होती.

"हो," ती भिंतीला सांगत होती. "झोप लागते. जेवते. बरं आहे."

मांडीवरच्या शर्टाचं एकही काज झालेलं नव्हतं. थोरली तिच्यासमोर जाऊन बसली. कुणाशी बोलतेस, असं तिने विचारलं, शक्य तितक्या साध्या आवाजात.

"तूच म्हणालीस ना, उत्तर द्यायचं."

"अगं, ते फोनवरच्या डॉक्टरांना."

"हेही तसंच म्हणतात," धाकटी म्हणाली. "आम्ही दवाखान्यातून बोलतोय म्हणतात. रोज विचारतात, गोळी घेतली का. मग म्हणतात, घेऊ नकोस."

इतकी वर्षं बंद राहिलेलं दार थोरलीने स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं, आणि वर म्हटलं होतं, माझ्यासाठी.

त्यानंतरच्या दिवसांत तिने जमेल ते सगळं केलं. वरच्या मजल्यावर घरमालकांची सून राहायची, सगळे तिला वहिनी म्हणत. घरात कोंडून राहून वहिनीची झोप उडाली होती आणि तीही एका डॉक्टरांशी बोलत असे, पण मोठ्या फोनवर, खोलीचं दार लावून, समोर डॉक्टरांचा चेहरा बघत. वहिनीने स्वतःच सांगितलं होतं की नुसता तो चेहरा बघूनच अर्धं बरं वाटतं. थोरलीने संकोच गिळून तिच्याकडे फोन मागितला. वहिनी मनाची चांगली, लगेच दिला. थोरलीने दवाखान्यात कळवलं की आता आमच्याकडे चेहरा दिसतो असा फोन आहे. तिकडून उत्तर आलं की बाई, तुमच्याकडे असेल, आमच्याकडे नाही, आमच्या टेबलावर सरकारी फोन आहे, त्यात नुसतंच ऐकू येतं. वहिनीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते नवे पेशंट घेत नव्हते. जुन्यांनाच वेळ पुरत नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलं.

धाकटीचं जेवण निम्म्यावर आलं. शिंप्याने शर्ट परत मागवले. ती आता दिवसभर उत्तरं द्यायची, आणि विचारणारे वाढत चालले होते.

लॉन्ड्रीत थोरलीच्या हातून चादर रुळात तिरकी गेली आणि अडकली. मशीन थांबवून मामा चादर ओढून काढत होते, आणि थोरली एकाएकी रडायला लागली. मामांनी थट्टा केली नाही. तिने सगळं सांगितलं. मामा पुलापलीकडे राहायचे. नदीपलीकडची पालिका वेगळी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की आमच्या शेजारच्या पोराला तर दर महिन्याला दारात येऊन सुई देतात. आमच्याकडच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, दुधाची गाडी फिरेल तशी ती सुईवालीही फिरेल. तुमच्याकडच्यांना कुणी आठवणच करून दिली नाही वाटतं.

थोरलीचं घर आणि मामांचं घर यांच्यामध्ये एक पूल होता, बस.

"आणि तुमची ती तोंडाळ सिस्टर," मामा म्हणाले, "ती पुलावरच असते की. कपाळाला ते यंत्र लावून ताप बघते. काल मला म्हणाली, मामा, मिशा मास्कच्या आत घाला, बाहेर काय वाळत घातल्यात."

सुटी झाल्यावर थोरली घरी न जाता थेट पुलाकडे गेली. सिस्टर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, मास्क, वर प्लास्टिकची काच. ओळखू आली ती एका सायकलवाल्याला झापताना. रांग संपेपर्यंत थोरली बाजूला थांबली, मग सगळं सांगितलं, स्वतःचं चुकलं तेही. सिस्टरने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेच नवल.

"फोनवर बोलावं लागतं हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण मला इकडे उभं केलं, मग मी तिकडचा विचार सोडला. अगं, ते वाक्य मी एकट्या तुझ्या बहिणीला नाही दिलेलं. तो घड्याळजी, ती जुळ्यांची आई, तो पोस्टातला. दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना दिलंय."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. सिस्टर म्हणाली, उद्या सकाळी, गर्दी व्हायच्या आधी तिला घेऊन ये. कुणी अडवलं तर माझं नाव सांग, आणि तरीही अडवलं तर मोठ्याने सांग.

सकाळी धाकटी यायला तयार झाली, कारण सिस्टरकडे जायचं होतं. पण साथ आल्यापासून शर्टसुद्धा थोरलीच आणून देत होती, धाकटी घरातून बाहेर पडलीच नव्हती, आणि रस्त्यावर काय झालंय हे थोरलीने तिला सांगितलंच नव्हतं. स्वतः रोज बघत असल्यामुळे सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी पोलिसाने विचारलं, कुठे निघालात, आणि धाकटी जागच्या जागी थिजली. पोलिसाचे ओठ दिसत नव्हते. दूधवाल्याचे दिसत नव्हते. पावाच्या रांगेतले सगळे एकमेकांशी बोलत होते आणि कुणालाच तोंड नव्हतं. तिने थोरलीकडे पाहिलं, तर थोरलीनेही मास्क लावलेला. तिने थोरलीचा हात सोडला.

थोरलीला तेव्हा कळलं. तिने पोलिसासमोरच मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाली, मी आहे बाळा, बघ, मीच आहे. पोलीस ओरडला. तिने त्याला ओरडू दिलं. एरवी शिपायासमोरही मान खाली घालणारी ती बाई त्या दिवशी मास्क खाली ठेवून पुलापर्यंत चालली, धाकटीचा हात धरून, धाकटीच्या बाजूला तोंड वळवून, म्हणजे जवळजवळ आडवी.

पुलावर सिस्टरने हाक मारली. काय गं राणी, वाळलीस की. धाकटी थांबली, पण काही बोलली नाही. सिस्टरने पुन्हा विचारलं, मला ओळखलं नाहीस का. धाकटीने ओठ घट्ट मिटले. मग मात्र सिस्टर काय समजायचं ते समजली. ती कठड्याच्या अगदी टोकाला गेली, वारा अंगावर येत होता त्या बाजूला, लोकांपासून लांब. तिथे उभी राहून तिने काच वर केली, मास्क उतरवला आणि नुसती उभी राहिली. नाकावर आणि गालांवर पट्ट्यांचे काळेनिळे वण उठले होते. तोंड सुरकुतलं होतं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. नाक, डोळे, ओठ, सगळं नीट पाहून घेतलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुम्ही म्हाताऱ्या झालात."

"झाले ना. तू नव्हतीस लक्ष ठेवायला."

मग धाकटीने सांगितलं. ते परत आले. दवाखान्याच्या नावाने येतात. ताई म्हणाली म्हणून मी उत्तर दिलं, आता थांबता येत नाही. हे सगळं ती मोठ्याने, पुलाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सांगत होती, आणि रांगेतली माणसं खाली बघत होती.

सिस्टरने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले असावेत की नियमात बसत नाही, कारण सिस्टर म्हणाली की नियमाचं नंतर बघू. मग तिने बाकीच्यांबद्दल विचारलं. घड्याळजींचं काय, पोस्टातल्याचं काय. थोडा वेळ ती ऐकत राहिली.

"उचलत नाहीत म्हणून तुम्ही त्यांना बरे धरलंत?" ती म्हणाली. या वेळी आवाज चढलेला नव्हता. "साहेब, ते बरे नाहीत. ते माझं ऐकतायत."

डॉक्टर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनाही कुणीतरी एक टेबल आणि एक फोन देऊन बसवलं होतं, आणि जो बोलत नाही त्याची काळजी करायला वेळ दिला नव्हता. दुपारी दवाखान्याच्या बंद कपाटातली सुई गाडीतून पुलावर आली. ताप बघायच्या तंबूत, पडदा ओढून, सिस्टरने ती धाकटीच्या दंडात दिली. तंबूबाहेरच्या पोलिसाने दुसरीकडे तोंड फिरवलं होतं, पण सकाळी कठड्याशी मास्क उतरवल्याची तक्रार कुणीतरी आधीच केली होती. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर पुलावर दिसली नाही. तिला तापाच्या वॉर्डात पाठवलं, असं मामांनी सांगितलं.

बाकीच्यांसाठी डॉक्टर स्वतः निघाले. रोज संध्याकाळी फोनचं काम संपलं की एकेकाच्या दारासमोर रस्त्यावर उभे राहून मास्क उतरवायचे, तोंड दाखवायचे आणि मग बोलायचे. घड्याळजी सापडले, घरभर घड्याळं उघडून बसलेले. जुळ्यांची आई आधीच बंद वॉर्डात पोहोचली होती, आणि मुलं कुणाकडे होती हे शेजाऱ्यांनाही नीट सांगता येईना. पालिकेचा नियम तसाच राहिला. मनाच्या रुग्णांचं थांबू शकतं, या कलमावर बोट ठेवायला कुणाला सवड नव्हती. पुढची सुई मिळेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बघतो, असं म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थोरलीला ते खरं वाटलं.

थोरलीचं स्वतःचं काम राहिलं होतं. पुलावरून आल्याच्या संध्याकाळी ती धाकटीसमोर बसली, दिव्याच्या उजेडात, तोंड नीट दिसेल अशी. मी चुकले, ती म्हणाली. फोनवरच्यालाही उत्तर द्यायचं नाही. मी सांगितलं तरी द्यायचं नाही. धाकटीने विचारलं, तू रागावलीस तरी? थोरली म्हणाली, रागावले तरी, रडले तरी. आणि सकाळी नेमाला बसली तेव्हा तिने कित्येक वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. काय, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

सुईचा गुण यायला वेळ लागला. सुरुवातीला धाकटी एकाला उत्तर द्यायची आणि दुसऱ्याला टाळायची. मग दोघांनाही टाळायला लागली, आणि कधी चुकलंच तर थोरलीजवळ कबूल करायची की आज एकदा बोलले, तोंडातून निघून गेलं. थोरली म्हणायची, असू दे. लॉन्ड्रीतल्या बायकांनी पाळ्या अदलाबदल केल्या आणि तिला सकाळची पाळी मिळवून दिली. मामांनी मात्र याचं श्रेय स्वतःकडे घेतलं आणि ते कुणाला विसरू दिलं नाही.

त्यानंतर एका दुपारी थोरली भाजीची पिशवी घेऊन घरी आली. दोन्ही हात गुंतलेले, दाराला आतून कडी. तिने जिन्यातूनच हाक मारली, दार उघड गं. आत रेडिओ चालू होता. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. आतली हालचाल थांबली, पण उत्तर नाही. थोरली एक पायरी खाली उतरली, पिशवी ठेवली आणि दाराशेजारच्या खिडकीच्या गजांसमोर येऊन उभी राहिली. मास्क खाली केला. आतून पडदा सरकला.

"इतक्या हाका मारल्या," थोरली म्हणाली, "ऐकू नाही आल्या?"

"आल्या."

"मग?"

धाकटीने तिचं तोंड निरखून पाहिलं, मगच कडी काढायला हात नेला.

"मला काय माहीत तू आहेस का आणखी कोण," ती म्हणाली. "आधी तोंड दाखवायचं."

थोरलीने पिशवी उचलली आणि, बरं बाई, म्हणून आत गेली.